तांबेऱ्याने बदललेले डोंगर

परिषद संपली की शेवटचा दिवस सहलीचा, असा एक अलिखित नियम आहे. २०१८ साली श्रीलंकेत कँडी शहराजवळ आमची परिषद संपली, तेव्हाही एक गाडी, एक गाईड आणि एक छापील पत्रक आमच्या वाट्याला आले. पत्रकावर तीन चित्रे होती: नदीत डुंबणारे हत्ती, डोंगरउतारावर पसरलेले चहाचे मळे आणि कड्यावरून कोसळणारा धबधबा. 'एका दिवसात श्रीलंकेचा निसर्ग' असे वर लिहिले होते.

सहल उत्तम झाली, तक्रारीला जागा नाही. पण मी वनस्पतिरोगांवर काम करणारा माणूस. दिवसभर गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहताना सारखे वाटत होते की या देखाव्यात 'निसर्ग' म्हणावे असे फार थोडे उरले आहे. हत्ती आज जिथे दाखवतात तिथेच ते का आहेत, चहा या डोंगरांवर का आला आणि धबधब्याला पाणी कधी असते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात आहेत. आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी, आपल्याकडे गव्हावर पडतो त्याच जातकुळीचा एक तांबेरा बसलेला आहे.

सकाळी पहिला थांबा पिन्नावला. कँडीच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, महा ओया नदीच्या काठी हे हत्तींचे अनाथालय आहे. श्रीलंकेच्या वन्यजीव खात्याने ते १९७५ मध्ये सुरू केले तेव्हा तिथे अवघी पाच पिल्ले होती. आई मारली गेलेली, विहिरीत पडलेली, कळपापासून चुकलेली पिल्ले आणून वाढवायची अशी मूळ कल्पना. पुढे ते राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाकडे गेले, तिथल्याच हत्तींची वीण होऊ लागली, १९८४ मध्ये पहिले पिल्लू जन्मले आणि २०२१ मध्ये तर जुळी झाली. कळप रस्ता ओलांडून नदीवर आंघोळीला निघतो तेव्हा दोन्ही बाजूंची दुकाने, पर्यटक, कॅमेरे सगळे क्षणभर गप्प होते. तो क्षण मात्र खरोखर पाहण्यासारखा.

आमच्यातल्या एकीने विचारले, "यांच्यात सुळेवाले इतके कमी कसे?" श्रीलंकेच्या नर हत्तींपैकी फार थोड्यांना, शंभरात जेमतेम सातांना, सुळे असतात. बिनसुळ्याच्या हत्तीला सिंहलीत 'अलिया' हा वेगळाच शब्द आहे. शतकानुशतके सुळेवाले नरच निवडून पकडले, परदेशी विकले आणि मारले गेले, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. नववी-दहावीला निवडीची संकल्पना शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. निवड करणारा माणूस असला तरी गणित तेच राहते.

नदीकाठी उभे असताना एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ रानटी हत्ती मोजले गेले, पण ते जवळजवळ सगळे सखल, कोरड्या प्रदेशातले. ज्या उंच, ओल्या डोंगरांकडे आम्ही दुपारी निघणार होतो, तिथेही एके काळी हत्तींचे कळप होते. आता श्रीपाद शिखराभोवतीच्या जंगलात मोजके काही उरले असतील तेवढेच.

ते कुठे गेले? कँडीच्या राज्यात हत्ती ही राजाची मालमत्ता होती. परवानगीशिवाय हत्ती मारणे हा मोठा गुन्हा होता. १८१५ मध्ये कँडी इंग्रजांच्या हाती पडले आणि हा धाक संपला. शेतीची नासधूस थांबवायची म्हणून सरकारने हत्ती मारणाऱ्याला बक्षीस लावले. सिलोनचे वसाहत सचिव असलेले एमर्सन टेनंट यांनी नोंदवून ठेवले आहे की, १८४८ च्या आधीच्या तीन वर्षांहून कमी काळात उत्तर प्रांताच्या एका भागात ३,५०० हत्तींबद्दल आणि १८५१ ते १८५६ या काळात दक्षिण प्रांतात २,००० हत्तींबद्दल बक्षिसे दिली गेली. शिवाय शिकारीची हौस वेगळी. बदुल्ल्याला नेमणुकीवर असलेल्या मेजर रॉजर्स या एकाच अधिकाऱ्याच्या नावावर हजाराहून अधिक हत्ती आहेत. १८४५ मध्ये हापुतले येथे वीज पडून तो मेला. याच टेनंट यांनी हत्तींच्या डोंगरवाटांचे तोंड भरून कौतुक केले आहे. चढ कुठे कमी, नदीला उतार कुठे, हे हत्ती एखाद्या इंजिनीयरच्या नजरेने हेरतो असे त्यांचे निरीक्षण. बक्षिसांचा हिशेब आणि हे कौतुक, दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेले.

पण नुसत्या बंदुकीने डोंगर रिकामे होत नाहीत. त्यासाठी जंगल जावे लागते, आणि जंगल गेले ते कॉफीपायी.

पिन्नावल्याहून परत कँडीला येऊन आमची गाडी गंपोला, पुस्सेल्लावामार्गे वर चढू लागली. हाच तो पहिल्या कॉफी मळ्यांचा मुलूख. गंपोल्याजवळ १८२० च्या दशकात जॉर्ज बर्ड याने कॉफी लावली, तेव्हाचा गव्हर्नर एडवर्ड बार्न्स यानेही स्वतःचा मळा काढला आणि कोलंबो ते कँडी रस्ता बांधला. मग १८४० मध्ये एक कायदा आला. ज्या जंगलावर, पडीक किंवा न कसलेल्या जमिनीवर कुणी आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करू शकत नाही, ती सरकारची समजली जाईल, असा त्याचा मथितार्थ. डोंगरातल्या गावकऱ्यांकडे फिरत्या शेतीच्या जमिनीचे कागद कुठून असणार? आपल्याकडे १८७८ च्या वन कायद्याने जे झाले, त्याची ही आधीची आवृत्ती म्हणता येईल. अशी जमीन सुरुवातीला एकरी ५ शिलिंगांना विकली गेली. घेणारे कोण? लष्करी अधिकारी, मुलकी अधिकारी, इतकेच काय, पाद्रीसुद्धा.

जंगल तोडण्याची तऱ्हाही नमुनेदार होती. उतारावरची झाडे खालून वर अर्धवट घाव घालून तशीच उभी ठेवायची. शेवटी माथ्यावरची मोठी झाडे पूर्ण तोडून खाली लोटायची. ती खालच्या झाडांवर, ती त्यांच्याही खालच्यांवर, असे करत अख्खा उतार कडकडाट करत झोपायचा. मग तो वाळू द्यायचा आणि पेटवायचा. राखेत कॉफीची रोपे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे पावणेतीन लाख एकरांवर कॉफी उभी होती, आणि १८७० च्या सुमारास वर्षाला १० कोटी पौंडांहून अधिक कॉफी निर्यात होत होती.

या सगळ्या एकरांवर एकच जात होती, कॉफी अरेबिका. ही स्वपरागण करणारी वनस्पती आहे, म्हणजे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे मुळात थोड्या रोपांपासून वाढवलेल्या मळ्यांत झाडाझाडांमध्ये आनुवंशिक फरक जवळजवळ नसतो. डोंगरच्या डोंगर एकाच झाडाच्या प्रती काढून भरले आहेत असे समजा. बुरशीला याहून चांगले ताट कोण वाढणार?

१८६९ मध्ये मदुलसीमा भागातल्या एका मळ्यात कॉफीच्या पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसले. पेरादेनिया वनस्पती उद्यानाचे संचालक थ्वेट्स यांनी ती पाने इंग्लंडला रेव्हरंड बर्कले यांच्याकडे पाठवली. बटाट्याच्या करप्यावर काम केलेले हे बुरशीतज्ज्ञ. बुरशी नवी निघाली. बीजाणूची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत, म्हणून प्रजातीचे नाव 'हेमिलिया', म्हणजे अर्धी गुळगुळीत. आणि पुढे जातीचे नाव 'व्हॅस्टॅट्रिक्स', म्हणजे विध्वंस करणारी. नाव ठेवले तेव्हा विध्वंस अजून व्हायचा होता. ठिपके पडलेली पाने गळतात, झाड पुन्हा पालवी काढते, ती पुन्हा गळते. झाड एका वर्षात मरत नाही, पण दर वर्षी कमी फळते. कॉफीचे भाव याच काळात चढे असल्यामुळे मळेवाल्यांनी रोगाकडे काणाडोळा करून आणखी जंगल तोडले. भाव चढे असले की रोग दिसत नाही, हे मी माझ्या नोकरीतही अनेकदा पाहिले आहे.

अखेर १८८० मध्ये सरकारने इंग्लंडहून एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ बोलावला. हॅरी मार्शल वॉर्ड. वय २६. हातात दोन वर्षे. त्याने काय केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण एका सूक्ष्मदर्शकावर आणि चिकाटीवर किती काम होऊ शकते याचा हा नमुना आहे. पहिला प्रश्न, बीजाणू पसरतात कसे? चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या त्याने मळ्यात टांगून ठेवल्या आणि काही काळाने तपासल्या. पट्ट्यांवर तांबेऱ्याचे बीजाणू सापडले, म्हणजे वाराच त्यांना वाहून नेत होता. दुसरा प्रश्न, ते पानात शिरतात कुठून? पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवर वेगवेगळे बीजाणू ठेवून त्याने पाहिले. वरच्या बाजूने काही होत नव्हते. खालच्या बाजूला, जिथे पर्णरंध्रे आहेत, तिथे बीजाणूतून निघालेला तंतू रंध्र शोधून आत शिरत होता. आणि त्यासाठी पानावर पाण्याचा थेंब लागत होता. कोरड्या पानावर बीजाणू नुसता पडून राहत होता. शिरल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी नारिंगी ठिपका उमटे आणि त्यातून पुन्हा हजारो बीजाणू बाहेर पडत.

आता यातून निघणारा निष्कर्ष पाहा. बुरशी एकदा पानात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. औषध असलेच तर ते बीजाणू रुजण्याआधी पानावर हवे. आजही द्राक्षबागायतदार पाऊस यायच्या आधी फवारणी उरकतो ती याच तत्त्वावर. वॉर्डने पुढे असेही सांगितले की, एकाच पिकाने मैलोगणती अखंड व्यापलेली जमीन हेच या साथीचे मोठे कारण आहे. वाऱ्याला अडवायला मध्ये दुसरे झाडच नाही.

मळेवाल्यांना हे ऐकायचे नव्हते. त्यांना औषध हवे होते, आणि ते वॉर्डकडे नव्हते. गंधक आणि चुना वापरून पाहिला, पण एवढ्या क्षेत्रावर वेळेत मारणे शक्य नव्हते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास पुढे आले. वॉर्ड तीन वर्षे आधीच, १८८२ मध्ये, परत गेला होता. मळेवाल्यांच्या लेखी तो अपयशी ठरला. माझ्या मते वनस्पतिरोगशास्त्रात त्या दशकात झालेल्या उत्तम कामांपैकी हे एक आहे. १८८९ पर्यंत कॉफीची निर्यात वर्षाला ५० लाख पौंडांपर्यंत घसरली, म्हणजे जवळजवळ संपलीच.

इथे एक प्रचलित समज दुरुस्त करायला हवा. सिलोनची कॉफी मेली म्हणून इंग्रज चहा पिऊ लागले, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. हे खरे नाही. इंग्लंडला चहाची सवय अठराव्या शतकातच लागली होती, तो चीनमधून येत होता. तांबेऱ्याने इंग्रजांचा पेला बदलला नाही. त्याने हे डोंगर बदलले.

पुस्सेल्लावा मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंना चहा सुरू झाला तो संपेचना. चहाची सुरुवात कॉफी ऐन भरात असतानाच झाली होती. जेम्स टेलर हा स्कॉटिश तरुण १८५२ मध्ये सिलोनला आला आणि १८६७ मध्ये कँडीच्या आग्नेयेला लूलेकंदेरा मळ्यात त्याने १९ एकरांवर चहा लावला. बंगल्याच्या व्हरांड्यातल्या टेबलावर पाने हाताने वळायची आणि मातीच्या चुलींवर कोळशाच्या आचेने वाळवायची, असा त्याचा कारखाना. १८७३ मध्ये २३ पौंड चहा लंडनला गेला. कॉफी कोसळल्यावर मध्ये काही वर्षे मळेवाले सिंकोनाच्या, म्हणजे क्विनीनच्या झाडामागे धावले. भाव पडताच तेही सोडले. मग सगळ्यांनी टेलरचा कित्ता गिरवला आणि शतक संपेपर्यंत चहाखालचे क्षेत्र पावणेचार लाख एकरांपलीकडे गेले. लिप्टनने मळे विकत घेतले ते १८९० मध्ये, टेलरच्या तेवीस वर्षांनंतर. पण डब्यावर नाव त्याचे आले.

चहाच्या कारखान्यात गाईड 'फर्मेंटेशन' दाखवतो. शिक्षकांनी इथे सावध राहावे. दह्यात किंवा इडलीच्या पिठात जे होते ते हे नाही, इथे सूक्ष्मजीवांचा संबंध नाही. पाने वळताना पेशी फुटतात, पानातले विकर आणि पॉलिफेनॉल एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि हिरवे पान तांबूस होते. कापलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते तीच ही प्रक्रिया. योग्य क्षणी उष्णता देऊन विकर निकामी केले की ती थांबते.

वॉर्डच्या इशाऱ्याचे काय झाले? कॉफीच्या एका अखंड पिकाच्या जागी चहाचे दुसरे अखंड पीक आले. १९४६ मध्ये चहाच्या कोवळ्या पानांवर फोड आणणारी 'ब्लिस्टर ब्लाइट' ही बुरशी श्रीलंकेत पोचली. फरक इतकाच की या वेळी तांब्याची औषधे हाताशी होती आणि तलवाकेलेला चहा संशोधन संस्था उभी होती. औषध मिळाले आणि पीकपद्धती तशीच राहिली.

दुपारी रंबोडा धबधबा आला. उंची १०९ मीटर, कोतमले नदीच्या उपनदीवर. श्रीलंकेचा मध्यभाग पायऱ्यांसारखा आहे, किनाऱ्यालगतची सखल पायरी, मधली, आणि सर्वांत वरची. नद्या एका पायरीवरून दुसरीवर उतरतात तिथे धबधबे. या पायऱ्या कशा बनल्या यावर ॲडम्स यांनी १९२९ मध्ये एक उपपत्ती मांडली. पुढे आपले भूवैज्ञानिक दाराशा वाडिया सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ म्हणून तिथे असताना त्यांनी दुसरी मांडली: नुसती झीज नव्हे, तर भेगांवर अख्खे भूखंड उचलले गेले. आणि बारमाही पाणी? ते माथ्यावरच्या जंगलाचे देणे आहे. १८७३ मध्ये क्यू उद्यानाचे जोसेफ हुकर यांनी ५,००० फुटांवरचे जंगल तोडू नये असा सल्ला दिला आणि सरकारने, आश्चर्य म्हणजे, तो बऱ्याच अंशी मानला. धुके गाळून घेणारे ते जंगल काही ठिकाणी तरी टिकले.

संध्याकाळी तलवाकेलेजवळ सेंट क्लेअर धबधब्यासमोर गाडी थांबली. ८० मीटर उंच, रुंद, दुपदरी. मात्र २०१२ मध्ये १५० मेगावॉटचा अप्पर कोतमले प्रकल्प सुरू झाल्यापासून त्याचे बरेचसे पाणी वरच्या धरणातून बोगद्यात जाते, आणि पर्यटकांसाठी दिवसा ठराविक तास पाणी सोडायचे अशी व्यवस्था आहे. मूळ आराखड्यात आणखी काही धबधब्यांचे पाणी वळवायचे होते, विरोधामुळे ते वगळले गेले. आम्ही नाके मुरडली खरी, पण खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ पासून सह्याद्रीचे पाणी वापरते आणि त्या विजेवर मुंबई वाढली, हे विसरून चालणार नाही. सिलोनमध्ये विमलसुरेंद्र या इंजिनीयरने १९१८ मध्येच जलविद्युतीची योजना मांडली होती. ती लक्षपाना येथे प्रत्यक्षात यायला १९५० उजाडले. तोवर तो निवृत्त होऊन म्हातारा झाला होता.

धबधब्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाला तमिळ बोलणारा, मळ्यातल्याच कुटुंबातला. या डोंगरांवरचे मजूर तमिळनाडूतून आले. कॉफीच्या काळात पुरुष तोडणीपुरते यायचे आणि परत जायचे. मन्नारहून जंगलातून पायी, वाटेत पटकी आणि हिवतापाने माणसे मरत. चहा मात्र वर्षभर खुडावा लागतो, त्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे आली आणि एका ओळीत बांधलेल्या एकेका खोलीत राहिली. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतले बहुसंख्य कुठल्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावीत, ३,००,००० सिलोनने, उरलेल्यांचे नंतर पाहू. राहिलेल्या प्रश्नाचा निकाल श्रीलंकेच्या २००३ च्या कायद्याने लागला.

आम्ही भारतातले म्हटल्यावर टपरीवाल्याने चहाचे पैसे घ्यायला आढेवेढे घेतले. त्याचे थोरले काका सत्तरच्या दशकात तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरमला गेले होते. जन्म याच मळ्यातला, भारत तोवर पाहिलेला नाही. "आता कुठे असतात?" मी विचारले.

"कोटागिरीला, नीलगिरीत," तो म्हणाला. "तिथेही चहाच खुडत होते."